हॉटेल व्यवसायातील अंदाजपत्रकीय सहभाग
हॉटेलचे वार्षिक अंदाजपत्रक ठरविताना विभागप्रमुखांना उद्दिष्टे व खर्चमर्यादा यांबाबत आपले म्हणणे मांडण्याची आणि ती बदलवून घेण्याची जी संधी मिळते, तिला अंदाजपत्रकीय सहभाग असे म्हणतात. व्यवस्थापकीय लेखाशास्त्र आणि मानसशास्त्र या दोहोंत या विषयाचा अभ्यास होतो.

पार्श्वभूमी
हॉटेलची खोली ही नाशवंत वस्तू आहे; आजची रिकामी रात्र उद्या विकता येत नाही. उलट पगार, वीज, देखभाल असा बराच खर्च पाहुणे कमी आले तरी चुकत नाही. त्यामुळे मागणीचा अंदाज हाच अंदाजपत्रकाचा पाया ठरतो. मात्र या अंदाजासाठी लागणारी माहिती लेखा विभागापेक्षा फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, स्वयंपाकघर यांच्या प्रमुखांजवळ अधिक असते. न्यूयॉर्कमध्ये १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या हॉटेलांच्या एकरूप लेखापद्धतीने उत्पन्न व थेट खर्च विभागवार मांडण्याची रीत रूढ केली. त्यामुळे प्रत्येक विभागप्रमुखाची कामगिरी आकड्यांत दिसू लागली.

मानसशास्त्रीय परिणाम
क्रिस आर्गिरिस यांनी १९५२ साली अमेरिकेतील कारखान्यांच्या अभ्यासातून दाखविले की, वरून लादलेल्या अंदाजपत्रकामुळे पर्यवेक्षकांत तणाव व लेखा विभागाविषयी अविश्वास निर्माण होतो. केवळ संमतीची सही घेणाऱ्या दिखाऊ सहभागाविषयीही त्यांनी इशारा दिला. हॉटेलांतही हे संभवते: मुख्यालयाने आकडा आधीच ठरविलेला असेल, तर बैठक हा निव्वळ उपचार उरतो. गीर्ट हॉफस्टेड यांनी १९६०च्या दशकात नेदरलँड्समध्ये केलेल्या अभ्यासानुसार उद्दिष्ट कठीण असल्यास प्रेरणा वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. ते अशक्य वाटू लागले की व्यवस्थापक मनातून त्याचा त्याग करतो.

अंदाजपत्रकीय शिथिलता
सहभागाची दुसरी बाजू अधिक अडचणीची आहे. ज्याच्याजवळ माहिती आहे, त्यालाच ती दडविण्याचा मोह होतो. समजा, १०० खोल्यांच्या हॉटेलात वर्षभरात सरासरी ७० टक्के खोल्या भरतील असे व्यवस्थापकास वाटते. परंतु बोनस उद्दिष्टपूर्तीवर अवलंबून असल्याने तो ६५ टक्केच नोंदवितो. वर्षाच्या ३६,५०० खोली-रात्रींपैकी १,८२५ रात्री अशा रीतीने अंदाजाबाहेर राहतात. सरासरी दर ४,००० रुपये धरल्यास ही रक्कम ७३ लाख रुपये होते. नुकसान एवढ्यावर थांबत नाही, कारण या आकड्यावरूनच कर्मचारी, चादरी-टॉवेल व धान्यसामान यांची तरतूद होते. गोव्यासारख्या ठिकाणी नाताळच्या गर्दीत ही तरतूद अपुरी पडल्यास त्याचा भार कर्मचाऱ्यांवर आणि पाहुण्यांवर पडतो.

खर्चाच्या बाबतीत याच वृत्तीचे रूप म्हणजे पुढील वर्षी कपात होऊ नये म्हणून मार्चअखेर शिल्लक रक्कम खर्चून टाकणे. अँथनी हॉपवूड यांनी १९७२ साली दाखविल्याप्रमाणे, वरिष्ठ केवळ आकड्यांवरून मूल्यमापन करीत असतील तर आकड्यांत फेरफार करण्याची प्रवृत्ती बळावते. यावर उपाय म्हणून काही आस्थापना मागणीचा अंदाज आणि बोनसचे उद्दिष्ट वेगवेगळे ठेवतात व अंदाज दरमहा सुधारतात.