क्रिमिनल जस्टिसमध्ये मास्टर्स करायचंय? आधी प्रश्न ठरवा, मग पदवी

पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेली बरीच मुलं विचारतात, "क्रिमिनल जस्टिसमध्ये मास्टर्स करून पुढे पीएचडी करायची आहे, कुठला कोर्स घेऊ?" अमेरिकेत या नावाची पदवी सर्रास मिळते. आपल्याकडे मात्र हा विषय मुख्यतः चार दारांत विभागलेला आहे: क्रिमिनॉलॉजी, फॉरेन्सिक सायन्स, कायदा आणि समाजकार्य. कुठल्या दारातून आत शिरलात त्यावर पुढे तुम्हाला कुठले प्रश्न विचारता येतील ते ठरतं. म्हणून कोर्सची यादी देण्याऐवजी एकच प्रश्न घेऊ आणि तो चारही दारांतून कसा दिसतो ते पाहू.

प्रश्न कच्च्या कैद्यांचा. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही, जो दोषी ठरलेला नाही, तरीही तुरुंगात आहे असा माणूस. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या, तुरुंग अहवालानुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यातले सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. चारातले तीन! जलद खटला हा घटनेच्या कलम २१ खालचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ मध्येच सांगितलं होतं. मग ही माणसं आत का आहेत?

कायद्याचं दार (एलएलएम). इथला संशोधक तरतूद आणि तिचा वापर यांतलं अंतर बघतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जातमुचलक्यावर सोडायचं. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळलेत, आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असतील तरी हा लाभ नाही. पात्र कैद्यासाठी कोर्टात लेखी अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर आहे. मग असे अर्ज किती झाले, किती मंजूर झाले, हा चांगला संशोधनप्रश्न. पण एलएलएमसाठी आधी एलएलबी लागते, हे सायन्सवाल्यांनी लक्षात ठेवायचं.

फॉरेन्सिकचं दार (एमएस्सी). खटला कधी कधी प्रयोगशाळेच्या अहवालासाठी अडतो. नव्या संहितेच्या कलम १७६ नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. हे अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणजे नमुने वाढणार. मग नमुना प्रयोगशाळेत आल्यापासून अहवाल निघेपर्यंत वेळ नेमका कुठे जातो? केमिस्ट्री, बायोलॉजी, फिजिक्सवाल्यांसाठी हे दार सरळ उघडं आहे. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा गोव्यातही कॅम्पस आहे.

समाजकार्याचं दार (एमए किंवा एमएसडब्ल्यू). जामीन मंजूर झालेला असतो, तरी माणूस आतच असतो. का? जामीनदार मिळत नाही, पत्त्याचा पुरावा नाही, घरच्यांना तो कुठल्या तुरुंगात आहे हेच ठाऊक नाही. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून अशाच माणसांसोबत काम करतो. हे दार कुठल्याही शाखेच्या पदवीधराला बहुतेक ठिकाणी खुलं असतं.

क्रिमिनॉलॉजीचं दार. इथे पूर्ण यंत्रणा एकत्र बघितली जाते: पोलीस कुणाला अटक करतात, कुणाला नुसती नोटीस देऊन सोडतात, कोर्टात नेायला गार्ड न मिळाल्याने तारखा कशा पुढे जातात. आकडेवारीचं काम सगळ्यात जास्त इथेच.

आता आकडेवारीबद्दल थोडं, कारण सायन्सवाले इथे खरी भर घालू शकतात. वरचा "चारातले तीन" हा आकडा एका दिवसाची शिरगणती आहे. आत येणाऱ्यांपैकी किती जण जास्त काळ अडकतात, हे त्यातून कळत नाही. एक काल्पनिक तुरुंग घ्या. दर महिन्याला १३ जण आत येतात. त्यातले १२ महिन्याभरात सुटतात, एक जण २४ महिने राहतो. दोनेक वर्षांनी एखाद्या दिवशी मोजलं तर आत ३६ जण दिसतील: १२ थोड्या दिवसांचे आणि २४ दीर्घ मुदतीचे. म्हणजे येणाऱ्यांत दीर्घ मुदतीचा माणूस तेरातला एक, पण शिरगणतीत तीनातले दोन! जो जास्त काळ आत राहतो तो मोजणीच्या दिवशी सापडण्याची शक्यताही जास्त, इतकं साधं आहे हे.

दुसरी गोष्ट. कच्च्या कैद्यांनी आत किती काळ काढला याचे गट अहवालात असतात, पण तो त्या दिवसापर्यंतचा काळ असतो. माणूस अजून सुटलेला नाही, म्हणजे मोजणी अर्धवट आहे. औषधांच्या चाचण्यांत रुग्ण किती काळ जगले हे मोजताना हीच अडचण येते. तिथे वापरतात ते सर्व्हायव्हल अॅनालिसिस इथेही लागू पडतं.

तिसरी गोष्ट गुन्ह्यांच्या आकड्यांची. एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तरी एनसीआरबी त्यातला सगळ्यात गंभीर गुन्हाच मोजते. शिवाय हा आकडा नोंदवलेल्या गुन्ह्यांचा, घडलेल्यांचा नाही. तक्रार सहज घेतली जाऊ लागली तरी आकडा वाढतो. त्यावरून "गुन्हेगारी वाढली" असं लिहून मोकळं होऊ नका.

आता व्यवहाराचं बोलू. नेट परीक्षेत क्रिमिनॉलॉजी, फॉरेन्सिक सायन्स, कायदा आणि समाजकार्य हे वेगवेगळे विषय आहेत. मास्टर्स ज्या विषयात कराल, नेट आणि पुढे प्राध्यापकाची जागा साधारण त्याच विषयात येते. पीएचडीच्या प्रवेशाला मास्टर्समध्ये ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५ टक्के सूट. प्रवेश घेण्याआधी विभागात कुठल्या विषयावर प्रबंध झालेत ते शोधगंगेवर बघा. सगळेच ग्रंथालयात बसून लिहिलेले असतील, तर तिथून तुरुंगात किंवा प्रयोगशाळेत जाऊन काम करायची वाट तुम्हालाच पाडावी लागेल.

परवानगीचाही विचार आत्ताच करा. तुरुंगात मुलाखती घ्यायच्या तर महाराष्ट्रात पुण्यातल्या कारागृह मुख्यालयाची परवानगी लागते, आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीचीही. आतला माणूस खरंच मोकळेपणाने "नाही" म्हणू शकतो का, हा प्रश्न समिती विचारणारच, आणि तो रास्त आहे. तुमच्याशी बोललं तर जामीन लवकर होईल, असं त्याला वाटू शकतं. परवानगी मिळणारच नसेल तर ई-कोर्ट्सवर खटल्यांच्या तारखा आणि आदेश सगळ्यांना बघता येतात. तेवढ्यावरही चांगला प्रबंध उभा राहतो.

तेव्हा प्रॉस्पेक्टस उघडण्याआधी एका कागदावर तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. त्याखाली लिहा, उत्तरासाठी लागणारी माहिती कुणाकडे आहे: कोर्टाकडे, प्रयोगशाळेकडे, तुरुंगाकडे की कैद्याच्या घरच्यांकडे. त्या माहितीपर्यंत पोचायला आणि ती वाचायला जी पदवी शिकवते, ती तुमची. प्रश्न एका वाक्यात बसत नसेल तर फॉर्म भरायची घाई करू नका. महिनाभर जवळच्या सत्र न्यायालयात जाऊन बसा, खुली सुनावणी साधारणपणे कुणालाही ऐकता येते. तारखा कशा पडतात ते बघितलंत की प्रश्न आपोआप सुचायला लागतील.