सहा पडले गं बाई!

दुपारचे चार वाजले, की आमच्या घरात गलका सुरू होतो. "माझी सोंगटी मारलीस होय? थांब, आता दाखवते तुला!" नवख्याला वाटावं, दोन बायकांचं कडाक्याचं भांडण जुंपलंय. प्रत्यक्षात माझ्या ७४ वर्षांच्या सासूबाई इथे बार्शीत आणि त्यांची धाकटी बहीण तिकडे इंदूरला! दोघी मोबाइलवर ल्युडो खेळत असतात.

मैत्रिणींनो, खरं सांगते, सुरुवातीला मला हे मुळीच आवडलं नव्हतं. २०२०च्या लॉकडाउनमध्ये 'लुडो किंग' घरोघरी पोचला, तेव्हा माझ्या लेकीनं आजीला तो शिकवला. पुढे लॉकडाउन संपला, पण खेळ काही थांबेना. एकदा मी बोलून गेले, "मुलांच्या हातातला मोबाइल सुटता सुटत नाही, त्यात आता तुम्हीही, आई!" त्या काही बोलल्या नाहीत. मोबाइल कपाटात ठेवला आणि दोन दिवस दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. सासरे गेले तेव्हा अशाच पडून असायच्या. माझी मलाच लाज वाटली. तिसऱ्या दिवशी मीच मोबाइल चार्ज करून त्यांच्या हातात दिला.

मी म्हटलं, "मावशींना नुसता फोन केला तर नाही का चालत?" तर म्हणाल्या, "अगं, फोनवर 'जेवलीस का, गुडघा कसा आहे' एवढं झालं, की बोलणं संपतं. खेळताना तास जातो आणि मधेच माहेरचं काहीबाही आठवतं." पटलं मला. शिवाय ल्युडो म्हणजे आपल्या पचिसीचंच रूप. लहानपणी कवड्या टाकून खेळलेल्या बायकांना नियम काय शिकवायचे!

गेल्या पावसाळ्यात चार वाजून गेले तरी मावशी खेळायला आल्या नाहीत. फोनही उचलेनात. सासूबाई म्हणाल्या, "तिचं काहीतरी बिनसलंय." शेजारणीला फोन केला. मावशी न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या, उठता येत नव्हतं. मुलगा संध्याकाळी सातला घरी येणार होता! रोजची खेळाची वेळ ठरलेली, म्हणून तर लगेच कळलं.

त्यानंतर आमच्या महिला मंडळात आम्ही आठवड्यातून एक दुपार ज्येष्ठांना मोबाइल शिकवायला ठेवली. अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. अक्षरं मोठी करून द्या. पायऱ्या वहीत मराठीत लिहून द्या. दहादा विचारलं तरी "मघाशीच सांगितलं ना!" म्हणू नका. खेळ ओळखीच्यांशीच असावा, ओटीपी कुणालाही सांगू नये. पैसे लावून तर मुळीच नको. असे ऑनलाइन खेळ चालवण्यावर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलाय. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० वर फोन करा. आणि हो, तासाभरानं मोबाइल बाजूला ठेवून अंगणात दोन फेऱ्या मारायला लावा!

मावशी आता बऱ्या आहेत. काल सासूबाई सलग तीन डाव हरल्या. मी म्हटलं, "आई, आज नशीब रुसलं वाटतं!"

"नाही गं," त्या हळूच म्हणाल्या, "तिच्या घराजवळ पोचलेली सोंगटी मारायचा जीव होत नाही."