वॉचमनने अडवलेला डेटा



हेल्थ अ‍ॅपमध्ये वय, बीपी, कोलेस्टेरॉल भरलं की ‘दहा वर्षांत हार्ट अटॅकची शक्यता इतके टक्के’ असा आकडा येतो. तो येतो कुठून? अशा बऱ्याच फॉर्म्युल्यांचं मूळ अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात आहे. 1948 पासून तिथल्या 5,209 लोकांना डॉक्टर वर्षानुवर्षं तपासत राहिले. पण ते जवळजवळ सगळे गोरे. म्हणजे मॉडेल ट्रेन केलं एकांवर आणि चालवलं भलत्यांवर.

मग आपला डेटा? आहे की. मुंबई कोहॉर्ट स्टडी. त्यामागचे डॉ. प्रकाश गुप्ता पुढे इथे बेलापूरच्या हीलिस सेखसरिया संस्थेचे संचालक झाले. 1991 ते 1997 मध्ये मतदार याद्या घेऊन टीम घरोघरी फिरली. वय 35 च्या पुढचे 1,48,173 लोक. वजन, उंची, तंबाखूची सवय, सगळं हातातल्या छोट्या कॉम्प्युटरवर भरलं. 1991 मध्ये, बरं का! काही वर्षांनी पुन्हा त्याच दारात जायचं: माणूस आहे का? नसेल तर महापालिकेच्या मृत्यूनोंदीत कारण शोधायचं.

पहिल्या साधारण लाखभर लोकांमध्ये दिसलं की तंबाखूला कधीच हात न लावलेल्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेटवाल्यांचा मृत्यूचा धोका 1.37 पट आणि बिडीवाल्यांचा 1.64 पट. ‘बिडी म्हणजे नुसतं पान, साधी असते’ हे टपरीवरचं ज्ञान तिथेच संपलं. पण 1.64 पट म्हणजे शंभरातले 64 मरणार असं नाही हं. समजा एका गटात शंभरातले 10 गेले, तर दुसऱ्यात साधारण 16.

आणखी एक गंमत. फार बारीक लोकांमध्येही मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. म्हणून वडापाव वाढवू नका. टीबीसारख्या आजारात माणूस आधी सुकतो, मग जातो. तिथे बारीकपणा हे कारण की आजाराची खूण, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

आणि या डेटात एक मोठं भोक आहे. उच्च आणि उच्च मध्यमवर्गीयांच्या सोसायट्या यात नाहीतच, कारण सिक्युरिटीमुळे टीमला आत जाता येत नव्हतं. गाडीने फिरणारा, खाऊनपिऊन सुखी मुंबईकर त्यामुळे यात फारसा सापडत नाही. पाम बीच रोडच्या टॉवरमधल्या काकांच्या हृदयाबद्दल हा डेटा जपूनच वापरावा लागेल. तुर्भे स्टोअरमधल्या बिडी ओढणाऱ्या मामांबद्दल मात्र तो फ्रेमिंगहॅमपेक्षा नक्कीच जवळचा.