बाई शोधायची तर जहाज धरा

ऑस्ट्रेलियाची वीस डॉलरची नोट कुणी पाहिली असेल, तर तिच्यावरची चष्मेवाली बाई आठवेल. डोक्याला टोपी, चेहरा घरातल्या करड्या आजीसारखा. ती मेरी रीबी. चोरीच्या गुन्ह्याची शिक्षा होऊन इंग्लंडमधून ऑस्ट्रेलियात आणलेली कैदी.

आपल्याला अंदमानचं काळं पाणी माहीत आहे. इंग्रज सरकारने तीच शिक्षा आधी स्वतःच्या गरिबांना दिली होती. 1788 ते 1868 या काळात दीड लाखाहून अधिक कैदी ऑस्ट्रेलियात उतरवले गेले. त्यांत बायका 25 हजारांच्या आसपास. आज त्यांचे वंशज जुनी दप्तरं धुंडाळतात, तेव्हा पुरुष लवकर सापडतो आणि बाई हरवते. कारण आपल्या ओळखीचं आहे: लग्न झालं की बाईचं नाव बदलतं.

मेरीचं तर लग्नाआधीच बदललं होतं. 1777 मध्ये लँकेशायर परगण्यात जन्मलेली ही मेरी हेडॉक. 1791 मध्ये घोडाचोरीत पकडली गेली तेव्हा अंगावर मुलाचे कपडे होते आणि सांगितलेलं नाव होतं जेम्स बरो. वय चौदा! घोडाचोरीला तेव्हा फाशीसुद्धा होत असे. तिला सात वर्षं हद्दपारीची शिक्षा झाली.

मग अशा बाईचा माग काढायचा कसा? नाव सोडा, जहाज धरा. जहाजाबरोबर सहसा कैद्यांची यादी येत असे. पुढे वसाहतीत शिरगणती झाली की माणसाच्या नावापुढे तो कोणत्या जहाजाने, कोणत्या साली आला हे लिहीत. सासरचं नाव लागलं तरी जहाज तेच राहतं. मेरीचं जहाज ‘रॉयल ॲडमिरल’, साल 1792.

पोहोचल्यावर ऑक्टोबरात तिने मावशीला पत्र लिहिलं. ते सिडनीच्या ग्रंथालयात जपून ठेवलेलं आहे. दोन-तीन वर्षांत संधी साधून परत येईन, असं त्यात ती म्हणते. यादीत माणसाचं नाव असतं, शिक्षा असते. घरची ओढ फक्त अशा कागदातच भेटते.

दोन वर्षांनी ती परतली नाही, तिने लग्न केलं. नवरा थॉमस रीबी जहाजावरचा अधिकारी, पुढे व्यापारी. सात मुलं झाली. 1811 मध्ये थॉमस वारला आणि महिन्याभरात त्याचा भागीदारही गेला. पदरात मुलं, अंगावर जहाजं, वखारी, हॉटेल. बाईने सगळं एकटीने चालवलं आणि वाढवलंही. 1817 मध्ये न्यू साउथ वेल्सची पहिली बँक सुरू झाली तीही हिच्या घरात. पण आपल्याला तिची श्रीमंती मोजायची नाही, कारण खरी गंमत पुढे आहे.

1820 मध्ये, म्हणजे त्या पत्रानंतर अठ्ठावीस वर्षांनी, ती दोन मुलींना घेऊन इंग्लंडला माहेरच्या गावांकडे गेली आणि पुढच्या वर्षी सिडनीला परतली. यावेळी शिक्षा नव्हती, ती आपल्या मर्जीने आली होती. मग 1828 ची शिरगणती आली. कैदी म्हणून आलात की स्वतंत्र, असा प्रश्न होता. मेरीने लिहवलं: स्वतंत्र आले, 1821 मध्ये.

खोटं म्हणावं तर खोटं नाही. फक्त पहिला प्रवास गाळला. ज्या जहाजाच्या रकान्यावर शोधणाऱ्यांची सारी भिस्त, तोच रकाना तिने फिरवला. आम्हाला यात लबाडीपेक्षा आईपण जास्त दिसतं. गावात मुलं-नातवंडं नांदत होती आणि कैद्याच्या वंशाकडे तेव्हा तिरक्या नजरेने पाहत. कितीतरी घरांनी ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या दाबून ठेवली. म्हणूनच जाणकार सांगतात, एका कागदावर विसंबू नका; जहाजाची यादी, लग्नाची नोंद, शिरगणती, पत्र, सगळं शेजारी-शेजारी मांडा. जिथे जुळत नाही तिथेच थांबून पाहा, बाई तिथे असते.

मेरी 1855 मध्ये सिडनीत वारली. आता तीच घरं आपल्या कैदी पणजीचं नाव शोधायला दप्तरखान्यात येतात, आणि तिथला माणूस पहिला प्रश्न विचारतो: जहाज कोणतं?