व्हाइट हाउसमधील रुग्ण

‘या वेळी वैद्यकीय लेख नको, विरंगुळ्याचे काही लिहा,’ असे स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सांगितले, तेव्हा माझी पंचाईत झाली. माझा विरंगुळा म्हणजे रात्री दवाखान्यातून परतल्यावर जेवताना पाहिलेले चित्रपट आणि मालिका. त्यातही अमेरिकेच्या राजकारणावरील कथांचे मला विशेष आकर्षण. मी समीक्षक नव्हे. पंचवीस वर्षे इंदूरमध्ये लहान मुले तपासणारी आणि अर्धवट झोपेत पडदा पाहणारी एक सामान्य प्रेक्षक. परंतु डॉक्टरचा डोळा करमणुकीच्या वेळीही मिटत नाही, त्यामुळे लेख अखेर रुग्णापाशीच येऊन ठेपला आहे. संपादकांनी क्षमा करावी.

२०११ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील मावसबहिणीने ‘द वेस्ट विंग’ या मालिकेच्या डीव्हीडींचा संच पाठविला. एनबीसी वाहिनीवर १९९९ ते २००६ या काळात चाललेली ही मालिका आरन सॉर्किन यांची. तिचे चाहते तिच्या संवादांवर लुब्ध असतात. मला मात्र बोळाबोळांतून झपाझप चालत एकसारखी हुशारीची वाक्ये फेकणारी ती माणसे थोडी थकवतात. तिथे कोणी ‘मला माहीत नाही’ असे फारसे म्हणतच नाही. मी खिळून राहिले ती दुसऱ्याच कारणाने. मार्टिन शीन यांनी साकारलेल्या राष्ट्राध्यक्ष बार्टलेट यांना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. देशाला ते ठाऊक नाही. त्यांची पत्नी अ‍ॅबिगेल स्वतः शल्यविशारद. ती गुपचूप नवऱ्यावर उपचार करते, इंजेक्शने देते. पुढे सारे उघड होते. राष्ट्राध्यक्षांवर काँग्रेस निंदाव्यंजक ठराव करते, तर पत्नीची वैद्यकीय मंडळाकडून चौकशी सुरू होते आणि अखेर ती आपला परवाना आपण होऊन सोडते.

ही लेखकाची कल्पनाभरारी नव्हे. ऑक्टोबर १९१९ मध्ये वुड्रो विल्सन यांना पक्षाघाताचा मोठा झटका आला. त्यांच्या पत्नी एडिथ आणि वैद्य केरी ग्रेसन यांनी त्याचे गांभीर्य जगापासून झाकून ठेवले. विल्सन मार्च १९२१ पर्यंत पदावर होते. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे प्रकरण आम्हा डॉक्टरांना अधिक अस्वस्थ करणारे आहे. १९२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी त्यांचे पाय गेले. त्यावरचा ‘सनराइज अ‍ॅट कँपोबेलो’ हा १९६० चा चित्रपट त्यांच्या १९२४ मधील व्यासपीठावरील पुनरागमनाशी संपतो. पडदा सोयीच्या वेळी पडला, असे मला वाटते. कारण मार्च १९४४ मध्ये तरुण हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी त्यांना तपासले, तेव्हा रक्तदाब १८६/१०८ होता आणि हृदय निकामी होत चालले होते. डिजिटॅलिस सुरू झाले. खासगी वैद्य मॅकिन्टायर हे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ. ते मात्र वार्ताहरांना प्रकृती उत्तम असल्याचे सांगत राहिले. नोव्हेंबरात रूझवेल्ट चौथ्यांदा निवडून आले आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले. ब्रून यांनी आपल्या नोंदी प्रसिद्ध केल्या १९७० मध्ये.

बालरोगतज्ज्ञ म्हणून एक विषयांतर करते. जॉन केनेडी यांचा ॲडिसनचा विकारही असाच झाकला गेला. पण त्यांचे एक दुःख सर्वांना दिसले. ७ ऑगस्ट १९६३ रोजी त्यांचा मुलगा पॅट्रिक सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन २.१ किलोग्रॅम. हायलिन मेंब्रेन डिसीजने तो ३९ तासांत गेला. ‘जॅकी’ या २०१६ च्या चित्रपटात त्याची आठवण येते, आणि मला तेवढाच भाग मनापासून आवडला. सरफॅक्टंटच्या अभावाचे कारण एव्हरी आणि मीड यांनी १९५९ मध्येच दाखविले होते. औषध हाती यायला आणखी दोन तपे लागली. आज त्या वजनाचे बाळ आपल्या शहरातही सहसा घरी जाते.

आता घरचे सांगते. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू, चाळीस वर्षे जनरल प्रॅक्टिस करीत होते. २००९ मध्ये त्यांचा उजवा हात कापू लागला, अक्षर बारीक होत गेले. निदान मला चालण्यावरूनच कळले होते. ‘घरातलं घरात राहू दे,’ एवढेच ते म्हणाले. आणि मी, मुलांची डॉक्टर, त्यांच्या लेव्होडोपाचे डोस ठरवू लागले. ते रोज दवाखान्यात बसत होते. सुमारे चौदा महिन्यांनी नाक्यावरच्या औषधवाल्याचा मला फोन आला : ‘डॉक्टरसाहेबांनी या पोराला अडीच मिली लिहिलंय की पाच, वाचता येत नाही.’ मुलाला काही झाले नाही. औषधवाल्याने विचारले, म्हणून झाले नाही. त्याच आठवड्यात मी अप्पांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेले. ‘इतके दिवस कोण पाहत होतं?’ त्यांनी विचारले. आम्ही दोघेही गप्प राहिलो. महिन्याभरात दवाखाना बंद झाला.

तो डीव्हीडींचा संच आम्ही बापलेकीने मिळून पाहिला. अ‍ॅबिगेलने परवाना सोडला, त्या प्रसंगी अप्पांनी मला रिमोटची कळ दाबायला लावली. ‘तिचं गेलं. तुझं कसं राहिलं?’ मी हसले. ते हसले नाहीत.

पुढे नेटफ्लिक्स आले. ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे पहिले तेरा भाग २०१३ मध्ये एकदम प्रसिद्ध झाले होते, मी चार पाहून सोडले. तिथे माणसे इतकी दुष्ट आहेत की कोणालाच लाज वाटत नाही, आणि लपविण्याची धडपडच नसेल तर नाट्य कसले? शिवाय पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची ती व्यवस्था मला विलक्षण उद्धट वाटते. डीव्हीडी निदान उठून बदलावी लागे.

अमेरिकेने १९६७ मध्ये पंचविसावी घटनादुरुस्ती करून अक्षम राष्ट्राध्यक्षांची सोय लावली. तिचा उपयोग २००२, २००७ आणि २०२१ मध्ये कोलोनोस्कोपीच्या वेळी झाला. कमला हॅरिस यांच्याकडे असे सुमारे ८५ मिनिटे अधिकार होते. भूल दिल्यावर अधिकार सोपविणे सोपे. कठीण असते ते हळूहळू ओसरणाऱ्या माणसाच्या बाबतीत.

२८ जून २०२४ च्या सकाळी साडेसहाला मी बायडेन-ट्रम्प वादसभा पाहिली. ती संपायच्या आतच आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बायडेन यांची पाच निदाने येऊन पडली. रुग्णाला न तपासता, पडद्यावरून निदान करण्याची आपली ही घाई मला पटत नाही. पण पडद्यावर जे दिसले ते जवळच्यांना आधी दिसले नसेल, यावरही माझा विश्वास बसत नाही. २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतली.

त्या सकाळी ग्रुपवर मी काही लिहिले नाही. साडेनऊला पहिले बाळ आले. मोबाइल लावल्याशिवाय घासच घेत नाही, अशी त्याच्या आईची तक्रार होती.