विजेची सायकल आणि मस्तकाचे रक्षण : योग्य हेल्मेट कसे निवडावे?

वार्षिक अहवालात जमाखर्च आणि कार्यवृत्तान्त यांच्या जोडीने एखाद्या आरोग्यविषयक प्रश्नाची माहिती देण्याचा प्रघात आपली संस्था पाळत आली आहे. यंदा आम्ही विषय निवडला आहे तो विजेच्या सायकलीवर वापरावयाच्या शिरस्त्राणाचा, म्हणजेच हेल्मेटचा. रुग्णालयाच्या अहवालात हा विषय कशासाठी, असे काही हितचिंतकांना वाटेल. त्याचे उत्तर आमच्या एका अनुभवात आहे.

एक सेवानिवृत्त शिक्षक विजेच्या सायकलीवरून बाजारातून परतत असताना वळणावरील ओल्या वाळूवर घसरून पडले. बेशुद्धावस्थेत त्यांना आमच्याकडे आणण्यात आले, तेव्हा त्यांच्या चिरंजीवांच्या हातातील पिशवीत हेल्मेट होते. त्या हेल्मेटच्या आत वा बाहेर आघाताची खूण नव्हती. हनुवटीखालचा पट्टा बांधलेला नसल्याने, डोके जमिनीवर आदळण्यापूर्वीच ते निघून गेले होते. शस्त्रक्रिया झाली, गुरुजी वाचले. परंतु साध्या साध्या शब्दांसाठी त्यांना आजही थांबावे लागते. कुटुंबीयांच्या संमतीने, नाव न देता, आम्ही हे येथे नमूद करीत आहोत. ‘हेल्मेट वापरा’ असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. कोणते वापरावे आणि कसे बांधावे, हे मात्र पुरेसे सांगितले नाही. ती उणीव भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे.

कायद्याची सवलत, धोक्याची नव्हे

ज्या सायकलीची मोटार २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आहे आणि पायडल थांबविताच किंवा ताशी २५ किलोमीटरचा वेग गाठताच जिचे साहाय्य बंद होते, ती केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार वाहन ठरत नाही. त्यामुळे तिला नोंदणी वा परवाना लागत नाही, आणि मोटार वाहन कायद्यातील हेल्मेटची सक्तीही तिला लागू होत नाही. यामुळे ‘ही तर सायकलच’ असा समज होतो. परंतु साधी सायकल रमतगमत ताशी १५ किलोमीटरने चालते. मोटारीच्या साहाय्याने वयस्क स्वारही सहज २५ चा वेग गाठतो. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे १५ वरून २५ वर जाताना ती पावणेतीन पटींहून अधिक होते. शिवाय बॅटरी व मोटारीमुळे सायकल जड असते आणि अचानक तोल गेल्यास सावरणे कठीण जाते.

हेल्मेट काम कसे करते?

हेल्मेटचे खरे कार्य बाहेरचे टणक कवच करीत नाही. ते करतो आतला दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर्मोकोलसारखा थर. डोके आदळताच हा थर चेपला जातो. डोके एका क्षणात थांबण्याऐवजी किंचित अधिक वेळ घेऊन थांबते, आणि आघात एका बिंदूवर न राहता विस्तृत भागावर पसरतो. हा ‘किंचित वेळ’ सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो. पण मेंदू वाचण्यास तोच पुरेसा ठरू शकतो. एकदा चेपलेला थर मात्र पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून अपघातात आदळलेले हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसले, तरी ते बाद समजावे.

कोणते हेल्मेट घ्यावे?

प्रत्येक हेल्मेट ठरावीक आघातापुरते तपासलेले असते. सायकलच्या हेल्मेटसाठी ‘ईएन १०७८’ हे युरोपीय मानक आहे. त्याच्या चाचणीत हेल्मेट सपाट पृष्ठभागावर ताशी सुमारे साडेएकोणीस किलोमीटर वेगाने आदळले जाते. अमेरिकेच्या ‘सीपीएससी’ मानकात हा वेग सुमारे २२ किलोमीटर आहे. वेगवान विजेच्या सायकलींसाठी नेदरलँड्समध्ये २०१६ साली ‘एनटीए ८७७६’ हे मानक तयार झाले. त्यातील आघाताची ऊर्जा ‘ईएन १०७८’ पेक्षा ४० टक्क्यांहून अधिक असून, कपाळाच्या बाजू व डोक्याचा मागील भाग अधिक झाकला जाणे त्यात अपेक्षित आहे.

यावरून आमचा सल्ला असा. पायडल मारीत ताशी २५ किलोमीटरच्या आत चालविणाऱ्यांनी वरीलपैकी एखाद्या मानकाचा उल्लेख आतील चिठ्ठीवर पाहूनच सायकलचे हेल्मेट घ्यावे. ‘एनटीए ८७७६’ चे मिळाल्यास उत्तम. वाहन स्कूटरप्रमाणे केवळ मूठ पिळून चालत असेल किंवा त्याचा वेग २५ च्या पुढे जात असेल, तर सायकलचे हेल्मेट पुरेसे नाही. अशांनी ‘आयएस ४१५१’ हा क्रमांक व आयएसआय चिन्ह असलेले दुचाकीचे, शक्यतो हनुवटीही झाकणारे हेल्मेट वापरावे. १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांसाठी या चिन्हाविना हेल्मेट विकण्यास देशात मनाई आहे. तरी रस्त्याच्या कडेला मिळणारे प्रत्येक हेल्मेट तपासून घ्यावे.

बांधकामावरील टोपी आणि क्रिकेटचे हेल्मेट यांची बांधणी वेगळ्या आघातांसाठी असते. घरात आहे म्हणून ते सायकलवर वापरू नये. काही हेल्मेटांत डोके तिरकस आदळल्यास मेंदूला बसणारा पीळ कमी करण्यासाठी आत सरकणारा पातळ थर असतो. परवडत असल्यास तो अवश्य घ्यावा. मात्र माप बरोबर असणे त्याहून महत्त्वाचे आहे.

माप आणि पट्टा

भुवयांच्या वर सुमारे दोन सेंटिमीटरवरून डोक्याभोवती टेप धरून घेर मोजावा आणि हेल्मेटवरील सेंटिमीटरच्या मापाशी ताडून पाहावा. हेल्मेट कपाळावर आडवे, भुवयांपासून दोन बोटांवर बसावे. मागे सरकवून कपाळ उघडे ठेवू नये. पट्टा न बांधता मान हलविली तरी ते घसरता कामा नये. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाखाली एकत्र यावेत आणि हनुवटीखाली एक-दोन बोटे मावतील इतकीच जागा राहावी. अंबाडा उंच बांधल्यास हेल्मेट वर उचलले जाते, म्हणून भगिनींनी तो मानेजवळ बांधावा. आत जाड टोपी वा उपरणे गुंडाळू नये. वाढत्या अंगाचे कपडे घेतात तसे मुलांसाठी मोठे हेल्मेट घेऊ नये. मागच्या आसनावरील मुलालाही त्याच्या मापाचे स्वतंत्र हेल्मेट हवे.

हेल्मेट साबणाच्या पाण्याने पुसावे. पेट्रोल, थिनर वा रंग लावू नये, कारण त्याने आतील थर खराब होतो. वापरलेले, पूर्वेतिहास ठाऊक नसलेले हेल्मेट विकत घेऊ नये.

उपचारांच्या आधी

दुचाकीस्वारांच्या हेल्मेटचा आग्रह धरणाऱ्या पहिल्या वैद्यांपैकी एक ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. १९३५ साली मोटारसायकलच्या अपघातात जखमी झालेल्या टी. ई. लॉरेन्स यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ते होते. लॉरेन्स वाचले नाहीत. १९४१ मध्ये केर्न्स यांनी हेल्मेटचे महत्त्व दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यातील मोटारसायकलस्वार निरोप्यांना हेल्मेट सक्तीचे झाले. शस्त्रक्रियेच्या मर्यादा ज्याने जवळून पाहिल्या, त्यानेच प्रतिबंधाचा मार्ग दाखविला, हे आम्हांस बोधप्रद वाटते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या विविध अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार, हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वारांना डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी, तर मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. उरलेला धोका राहतोच. म्हणून हेल्मेट हे सावधगिरीला पर्याय नव्हे.

डोक्याला मार लागल्यानंतर रुग्ण बोलत असला तरी वारंवार उलट्या, वाढती गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा झटके यांपैकी काहीही दिसल्यास विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

देणगीदारांच्या औदार्यामुळे आमच्या अतिदक्षता विभागात खाटा आणि यंत्रे उपलब्ध आहेत, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु मृत झालेल्या मेंदूच्या पेशी कोणत्याही यंत्राने परत आणता येत नाहीत. गुरुजी आता पुन्हा फिरावयास जातात, पायीच. सायकल घरातील नातू चालवितो. तो निघाला की गुरुजी काही न बोलता त्याच्या हनुवटीखालचा पट्टा स्वतः ओढून पाहतात. आपल्या घरातही कोणीतरी ते करावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.