तांदळावर लिहिलेले नाव : भारतीय कथासाहित्यातील स्त्री आणि विवाह

विवाहविधी आटोपला, वधूचा गृहप्रवेश झाला, की लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरले जातात आणि वर त्यावर अंगठीने वधूचे नवे नाव लिहितो. महाराष्ट्रात आणि गोव्यात अनेक घरांतून ही प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आडनाव तर बदलतेच. त्याबरोबर जन्मापासून ज्या हाकेला ती ओ देत आली, तेही नाव मागे पडते. सोहळा हौसेचा असतो, कुणाच्या मनात काही वाईटही नसते. तरीही त्या ताटातल्या तांदळावर एक प्रश्न उमटलेला असतो. विवाहानंतर स्त्री कुणाची तरी पत्नी, सून आणि आई एवढीच उरते, की तिचे स्वतःचे असे काही शिल्लक राहते? भारतीय कथा-कादंबरीने गेली शंभराहून अधिक वर्षे हाच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हेने विचारला आहे.

मराठीत या प्रश्नाला पहिला समर्थ आवाज दिला तो हरि नारायण आपटे यांनी. ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही त्यांची कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तिचे निवेदन यमू या नायिकेच्या तोंडी आहे. पुरुष लेखकाने स्वतः बाजूला होऊन स्त्रीला ‘मी’ म्हणण्याची मुभा द्यावी, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. यमूचा पती रघुनाथराव सुधारक वृत्तीचा आहे. तो तिला शिकवतो, मुंबईत तिच्यासह समजूतदार संसार करतो. पतीच्या निधनानंतर मात्र तिचे बळजबरीने केशवपन केले जाते आणि तिच्या आयुष्याची शोकांतिका होते. कादंबरीचे मर्म इथेच आहे. यमूचे व्यक्तित्व फुलले ते चांगल्या नवऱ्यामुळे; म्हणूनच तो गेल्यावर त्याला कोणताच आधार उरला नाही. चांगला पती हे भाग्य असू शकते, तो हक्क नव्हे, हे आपट्यांनी वाचकाला दाखवून दिले.

पुढे १९१४ मध्ये रवींद्रनाथ टागोरांची ‘स्त्रीर पत्र’ ही बंगाली कथा प्रसिद्ध झाली. पंधरा वर्षांच्या संसारानंतर मृणाल जगन्नाथपुरीहून पतीला लिहिते, ते त्यांच्या सहजीवनातले तिचे पहिले पत्र. सासरी तिची ओळख ‘मेजो बऊ’, म्हणजे मधली सून, एवढीच होती. ती चोरून कविता लिहीत होती, हे घरात कुणालाही ठाऊक नव्हते. मोठ्या जाऊबाईंची अनाथ बहीण बिंदू आश्रयाला येते, तिला वेडसर माणसाच्या गळ्यात बांधले जाते आणि अखेर ती स्वतःला जाळून घेते. या घटनेने मृणालचे डोळे उघडतात. सासरच्या नात्याने सुरू झालेल्या पत्राखाली सही येते ती स्वतःच्या नावाची. घर सोडण्याइतकेच महत्त्व या सहीला आहे.

मराठीतही स्त्रीने स्वतःविषयी लिहू पाहिले, तेव्हा नावाचा प्रश्न लेखिकेपुढेच उभा राहिला. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, मिळवत्या, पण अविवाहित राहिलेल्या तरुणींची घुसमट त्यात इतक्या स्पष्टपणे आली होती की समाजात खळबळ उडाली. या विभावरी कोण, याचीच चर्चा अधिक झाली. टोपणनावामागे होत्या बाळूताई खरे. पुढे ‘रणांगण’कार विश्राम बेडेकर यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मालती बेडेकर झाल्या. जन्माचे एक, लग्नाचे एक आणि खरे बोलण्यासाठी घेतलेले एक, अशी तीन नावे एकाच स्त्रीच्या वाट्याला आली. त्यांतले स्वतः निवडलेले नाव मराठी साहित्याने जपले.

स्वातंत्र्यानंतर कायदा बदलला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने एकपत्नीत्व बंधनकारक केले आणि घटस्फोटाची तरतूद केली. मग कथेतला प्रश्न सुटला का? मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ (१९७१) या हिंदी कादंबरीतील शकुन महाविद्यालयाची प्राचार्य आहे, आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र आहे. ती पतीपासून विभक्त होते, पुनर्विवाहही करते. परंतु या साऱ्याची झळ बसते ती बंटी या तिच्या लहान मुलाला, आणि कथा उलगडते प्रामुख्याने त्याच्या नजरेतून. आई म्हणून आणि व्यक्ती म्हणून असलेल्या तिच्या गरजा एकमेकींवर आदळतात. लेखिका शकुनला दोषी ठरवत नाही आणि बंटीचे दुःखही झाकत नाही. विवाह मोडण्याचे स्वातंत्र्य मिळाले, म्हणजे ओळख आपोआप गवसते असे नाही, हे या कादंबरीने सांगितले.

नावाचा धागा सर्वांत स्पष्टपणे येतो तो शशी देशपांडे यांच्या ‘दॅट लाँग सायलेन्स’ या १९८८ मधील इंग्रजी कादंबरीत. कन्नड नाटककार श्रीरंग यांच्या या कन्येचा जन्म धारवाडचा. कादंबरीच्या नायिकेला वडिलांनी ‘जया’ असे विजयाचे नाव दिले. लग्नात पती मोहनने तिला ‘सुहासिनी’ केले, म्हणजे नेहमी हसतमुख राहणारी, सारे निभावून नेणारी गृहिणी. पुढे तिचे काका घराण्याची वंशावळ हौसेने मांडतात, तेव्हा तीत जयाचे नाव नसते. ती आता नवऱ्याच्या कुळातली. पण मग सुना म्हणून या घरात आलेल्या काकू, आई आणि सारे घर सांभाळणारी आजी त्या वंशावळीत का नाहीत, हा तिचा प्रश्न निरुत्तर करणारा आहे. माहेरच्या झाडावरून उतरवलेली स्त्री सासरच्या झाडावरही चढत नाही.

या कादंबरीचे मोठेपण आणखी एका गोष्टीत आहे. मोहन खलनायक नाही. जयाच्या बक्षीसपात्र कथेत लोक आपल्याच संसाराचे चित्र पाहतील, या शंकेने तो दुखावतो आणि ती तशा कथा लिहिणे सोडून देते. शेवटी तिला उमगते की या दीर्घ मौनात तिचाही वाटा होता. दोष दुसऱ्याच्या माथी मारून मोकळे होणे सोपे असते; ही नायिका तसे करत नाही.

या साहित्याला विवाहविरोधी म्हणण्याची घाई अनेकदा होते. वास्तविक यमूला संसार हवाच होता, आणि जया मोहनची वाट पाहत थांबते. या लेखकांचे मागणे विवाह नको असे नाही. त्यात दोन माणसांना जागा असावी, असे आहे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशामुळे पतिपत्नींच्या मालमत्तेवर सर्वसाधारणपणे दोघांचा समान हक्क मानला जातो, याचा गोमंतकीयांना सार्थ अभिमान आहे. पण निम्मे घर कागदावर नावे असलेल्या स्त्रीलाही, घरात आपले म्हणणे विचारले जाते का, लिहिण्या-वाचण्याला वेळ आणि मान मिळतो का, हे वेगळे विचारावे लागते. नोंदणी कार्यालयाच्या वहीत या गोष्टींसाठी रकाना नसतो. तो रकाना कथा-कादंबरीने उघडला.

आज अनेक तरुणी लग्नानंतर जन्मनाव कायम ठेवतात. काहीजणी आवडीने नवे नाव स्वीकारतात. दोन्ही निवडींचा आदर व्हायला हवा, मात्र ती निवड खरोखर तिची असली पाहिजे. ताटातले तांदूळ विधी संपला की पुन्हा भांड्यात जातात आणि त्यावरची अक्षरे पुसली जातात. त्यानंतर घरातली माणसे तिला कोणत्या नावाने हाक मारतात आणि ती मनापासून कोणत्या नावाला ओ देते, इथून तिची खरी कथा सुरू होते.